विश्लेषण : गळ्यातला बिल्ला जीव वाचवतो, पण केव्हा?

माटुंग्याच्या झेड ब्रिजवर सकाळी साडेनऊला पाच मिनिटे उभे राहिले, की एक गोष्ट लगेच लक्षात येते. जवळपास प्रत्येकाच्या गळ्यात काहीतरी लटकते आहे. मध्य रेल्वेचे माटुंगा आणि पश्चिम रेल्वेचे माटुंगा रोड यांच्यामध्ये ये-जा करणारे रुईया, पोदार, खालसा, व्हीजेटीआयचे विद्यार्थी. बँकांचे, दुकानांचे, कुरियर कंपन्यांचे कर्मचारी. आयकार्ड सगळ्यांकडे आहे. त्यावर नाव आहे, फोटो आहे, रोल नंबर किंवा कर्मचारी क्रमांक आहे. आता कार्ड उलटून मागची बाजू वाचा. बहुतेक कार्डांवर एकच सूचना सापडेल : हे कार्ड कोणाला सापडल्यास अमुक कार्यालयात आणून द्यावे.

म्हणजे कार्ड हरवले तर काय करायचे, याची सोय केलेली आहे. कार्ड घातलेला माणूस हरवला, बेशुद्ध पडला किंवा बोलूच शकत नसला तर कोणाला फोन करायचा, हे त्यावर नाही. रात्री अकरा वाजता कॉलेजच्या कार्यालयात फोन उचलणार कोण?

बाजारात सध्या क्यूआर पेंडंट, मुलांच्या मनगटपट्ट्या, शिट्टी आणि दोरी असलेली 'सर्व्हायव्हल ब्रेसलेट' यांची चलती आहे. ओळखही पटवते आणि संकटात अवजार म्हणूनही उपयोगी पडते, असा त्यांचा दावा असतो. त्यात तथ्य किती आणि जाहिरात किती?

वरळीचा मुलगा घरी कसा पोहोचला?

सप्टेंबर २०२३ मध्ये वरळीतला एक १२ वर्षांचा मुलगा खेळता खेळता घरापासून दूर गेला आणि थेट कुलाब्यात पोहोचला. तो गतिमंद होता. स्वतःचे नाव, पत्ता, आईवडिलांचा नंबर सांगणे त्याला शक्य नव्हते. पोलिसांना त्याच्या गळ्यात एक पेंडंट दिसले. त्यावरचा क्यूआर कोड मोबाइलने स्कॅन केल्यावर संपर्काची माहिती मिळाली आणि काही तासांत मुलगा घरच्यांच्या ताब्यात आला.

हे पेंडंट 'प्रोजेक्ट चेतना' या उपक्रमातले होते. अक्षय रिडलान हा मुंबईतला तरुण अभियंता त्यामागे आहे. त्याच वर्षी जुलैमध्ये मुंबई विमानतळाबाहेरच्या २० भटक्या कुत्र्यांच्या गळ्यात क्यूआर कोडचे बिल्ले बांधल्याच्या बातम्या आल्या होत्या, तो उपक्रमही त्याचाच. कुत्र्याचे नाव, लसीकरण, त्याला खायला घालणाऱ्याचा संपर्क अशी माहिती त्यात होती. कुत्र्यांसाठी वापरलेली युक्ती बोलू न शकणाऱ्या मुलांसाठी, स्मृतिभ्रंश झालेल्या वृद्धांसाठी, मानसिक आजार असलेल्यांसाठी वापरली गेली. ऐकायला विचित्र वाटते. पण गरज तीच आहे. ज्याला सांगता येत नाही त्याच्या वतीने गळ्यातल्या वस्तूने सांगायचे.

पेंडंट नसते तर काय झाले असते, तेही बघायला हवे. एकटे सापडलेले मूल २४ तासांच्या आत बाल कल्याण समितीपुढे हजर करावे लागते, आणि घर सापडेपर्यंत त्याची रवानगी बालगृहात होऊ शकते. नागपूरचे उदाहरण बोलके आहे. मध्य प्रदेशातल्या जबलपूरचा, नीट बोलता न येणारा एक आठ वर्षांचा मुलगा २०११ मध्ये नागपूर रेल्वे स्थानकावर सापडला. एका कुटुंबाने त्याला सांभाळले, शाळेत घातले. शाळेने आधार मागितले तेव्हा त्याची नोंदणी होईना, कारण त्याच बोटांच्या ठशांवर आधीच आधार क्रमांक निघालेला होता. मानकापूरच्या आधार सेवा केंद्राने पाठपुरावा केला आणि २०२१ मध्ये त्याचे खरे आईवडील सापडले. त्याची ओळख सरकारी यंत्रणेत सुरुवातीपासून होती. ती बाहेर यायला दहा वर्षे लागली. वरळीच्या मुलाला काही तास.

कपाळावरचे आकडे

ओळख अंगावर नसेल तर काय होते, याची या भागातली सर्वांत कटू आठवण २९ सप्टेंबर २०१७ ची आहे. एल्फिन्स्टन रोड (आताचे प्रभादेवी) आणि परळ स्थानकांना जोडणाऱ्या पादचारी पुलावर चेंगराचेंगरी झाली आणि २३ जणांचा जीव गेला. मृतदेह केईएम रुग्णालयात आणले गेले. तिथे मृतांच्या कपाळावर शाईने आकडे लिहिण्यात आले आणि त्या आकड्यांसह छायाचित्रे फलकावर लावण्यात आली. समाजमाध्यमांवर संतापाची लाट उसळली. ओळख पटवताना गोंधळ होऊ नये, नातेवाइकांना एकेक मृतदेह पाहत फिरावे लागू नये म्हणून हे केले, असे रुग्णालयाच्या बाजूने सांगण्यात आले.

कपाळाऐवजी मनगटाला पट्टी बांधता आली असती, ही टीका योग्यच होती. पण त्याखालचा प्रश्न तेव्हा फारसा चर्चिला गेला नाही. दसऱ्याच्या आदल्या दिवशी कामावर निघालेली माणसे होती ती. पाकीट, पर्स, मोबाइल हे सगळे अशा गर्दीत माणसापासून वेगळे होते. हातातली वस्तू सुटते, खिशातली पडते. अंगावर बांधलेली वस्तूच माणसाबरोबर रुग्णालयापर्यंत पोहोचते.

चेंगराचेंगरी क्वचित होते. रूळ ओलांडताना किंवा लोकलमधून पडून होणारे मृत्यू रोजचे आहेत. मुंबईच्या उपनगरी रेल्वेवर दरवर्षी दोन हजारांहून अधिक जण मरतात. त्यांतल्या अनेकांची ओळख लवकर पटत नाही आणि लोहमार्ग पोलिसांना त्यांची छायाचित्रे, कपड्यांचे वर्णन, अंगावरच्या खुणा प्रसिद्ध कराव्या लागतात. उजव्या हातावर अमुक नाव गोंदलेले, निळा चौकडीचा शर्ट, अशी ती वर्णने असतात. जखमी असेल तर निकड आणखी वेगळी. त्याला मधुमेह आहे का, कसली ॲलर्जी आहे का, हे डॉक्टरांना विचारायला कोणीतरी हवे असते.

गोंदणापासून सियाचीनपर्यंत

अंगावर ओळख वागवणे आपल्याकडे नवीन नाही. जत्रेत हातावर नाव गोंदवून घेणारी पिढी अजून हयात आहे. हौसेने गोंदलेले ते नाव पोलिसांच्या पंचनाम्यात किती वेळा कामी आले असेल, याची मोजदाद कोणी केलेली नाही. पंढरीच्या वारीत तर माणसाचा पत्ता म्हणजे त्याची दिंडी. रथापुढची अमुक क्रमांकाची की रथामागची, एवढे सांगितले की लाखोंच्या गर्दीत चुकलेला वारकरी आपल्या माणसांत परत पोहोचतो. कुठलेही ॲप नाही, फक्त प्रत्येकाला पाठ असलेला एक आकडा. गर्दी व्यवस्थापनाच्या अभ्यासक्रमात हे शिकवायला हरकत नाही.

धातूच्या बिल्ल्याची गोष्ट मात्र लष्करातली. अमेरिकी यादवी युद्धात सैनिक लढाईआधी नावाच्या चिठ्ठ्या कोटाला टाचत. तिथून पुढे अधिकृत चकत्या आल्या. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकी सैनिकांना पी-३८ नावाचा, बोटाएवढाही नसलेला डबा उघडायचा घडीचा ओपनर मिळू लागला आणि पुष्कळ जण तो बिल्ल्याच्या साखळीतच अडकवत. बिल्ला आणि अवजार एकाच साखळीत, ही आजच्या 'सर्व्हायव्हल टॅग'ची मूळ कल्पना. ती कुठल्या कंपनीची नाही, सैनिकांनी सोयीसाठी केलेली आहे.

आपल्याकडचे उदाहरण सियाचीनचे. १९ कुमाऊं रेजिमेंटचे लान्स नाईक चंद्रशेखर हरबोला १९८४ मध्ये 'ऑपरेशन मेघदूत'च्या वेळी हिमस्खलनात बेपत्ता झाले. त्यांचे अवशेष ऑगस्ट २०२२ मध्ये, ३८ वर्षांनी सापडले. लष्करी क्रमांक कोरलेल्या चकतीमुळे ओळख पटली. त्या चकतीला बॅटरी नव्हती, सर्व्हर नव्हता, पासवर्ड नव्हता. अभियांत्रिकीच्या भाषेत सांगायचे तर बिघडण्यासारखे तिच्यात काही नव्हतेच.

नागरी वापराची सुरुवात १९५६ मध्ये कॅलिफोर्नियातल्या टरलॉक गावात झाली. तिथल्या एका डॉक्टरांच्या मुलीला धनुर्वाताच्या प्रतिविषाच्या (अँटिटॉक्सिन) चाचणी-डोसची जीवघेणी ॲलर्जी झाली होती. पुन्हा असे होऊ नये म्हणून तिच्या मनगटावर ॲलर्जीची माहिती कोरलेली पट्टी आली आणि त्यातून 'मेडिकअलर्ट' ही संस्था उभी राहिली. परदेशात रुग्णवाहिकेतले कर्मचारी रुग्णाचे मनगट आणि गळा आधी तपासतात, ते या सवयीतून.

क्यूआर कुठे अडतो?

क्यूआर कोड १९९४ मध्ये जपानच्या डेन्सो वेव्ह कंपनीत मोटारींचे सुटे भाग मोजण्यासाठी तयार झाला. कारखान्यात तेलाचे डाग पडणार, ओरखडे उठणार हे धरूनच त्याची रचना केलेली आहे. सर्वांत वरच्या पातळीवर छापला तर जवळपास ३० टक्के भाग खराब झाला तरी तो वाचता येतो. त्यामुळे गळ्यातल्या बिल्ल्यासाठी तो निवडणे चुकीचे नाही.

अडचण कोडमध्ये नसते, कोडच्या पलीकडे असते. बाजारातल्या बहुतेक पेंडंटमध्ये माहिती नसतेच; असतो तो एका संकेतस्थळाचा पत्ता. स्कॅन केले की इंटरनेटवरून पान उघडते आणि मग नंबर दिसतो. याचा फायदा असा, की फोन नंबर बदलला तरी पेंडंट तेच राहते, मालक माहिती बदलू शकतो. तोटा असा, की रेंज नसेल, गर्दीत नेटवर्क कोलमडले असेल, तर पेंडंट मुके होते. अनंत चतुर्दशीला लालबागला किंवा गिरगाव चौपाटीवर साधा मेसेज जायला किती वेळ लागतो, हे मुंबईकराला सांगायला नको. आणि पेंडंट विकणारी कंपनी बंद पडली, तिने संकेतस्थळाच्या नावाचे नूतनीकरण केले नाही, तर मुलाच्या गळ्यात नुसती नक्षी उरते. पैसे भरताना हा प्रश्न कोणी विचारत नाही : तुम्ही पाच वर्षांनी असाल का?

यावर साधा उपाय आहे. कोडमध्ये पत्त्याऐवजी थेट फोन नंबर भरता येतो. असा कोड स्कॅन केला की मोबाइलवर डायल करण्याचा पर्याय येतो आणि त्याला इंटरनेट लागत नाही. मजकूर कमी असल्यामुळे कोडचे चौकोन मोठे होतात, लहानशा चकतीवरही स्पष्ट येतात. फुकट चालणाऱ्या अनेक संकेतस्थळांवर तो दोन मिनिटांत तयार होतो. नंबर बदलला तर चकती बदलावी लागेल, एवढेच.

पण खरे सांगायचे तर क्यूआरच्या शेजारी उघड्या डोळ्यांना वाचता येईल असा नंबर नसेल, तर ते पेंडंट अपुरे आहे. हरवलेले मूल आधी सापडते ते भेळवाल्याला, बस कंडक्टरला, सार्वजनिक नळावरच्या बाईला. त्यांच्यापैकी सगळ्यांकडे स्मार्टफोन असेलच असे नाही, आणि असला तरी अनोळखी कोड स्कॅन करू नका, पैसे जातील, असे आपणच त्यांना गेली काही वर्षे सांगत आलो आहोत. दहा आकडे मात्र कोणीही वाचतो. ते स्टीलवर कोरलेले असावेत. छापलेली शाई घाम आणि साबणाने काही महिन्यांत पुसट होते. चकचकीत पॉलिश केलेल्या धातूवर मोबाइलच्या फ्लॅशची तिरीप येऊन कोड वाचला जात नाही, त्यामुळे खरखरीत, मॅट पृष्ठभाग बरा. आणि नंबर दोन हवेत. एक फोन नेमका तेव्हाच चार्जिंगला लावलेला असतो.

माटुंग्यासारख्या वस्तीत आणखी एक पदर आहे. इथे तमीळ, कन्नड, गुजराती, कच्छी, मराठी घरे एकमेकांना लागून आहेत. स्मृतिभ्रंशाच्या रुग्णांमध्ये अनेकदा नंतर शिकलेल्या भाषा आधी मागे पडतात आणि मातृभाषा टिकून राहते. पन्नास वर्षे मुंबईत काढलेल्या आजी अचानक फक्त तमीळमध्ये बोलू लागल्या आणि रस्ता चुकून दुसऱ्या उपनगरात पोहोचल्या, तर तिथल्या हवालदाराला त्यांचे म्हणणे कळणार कसे? त्यांच्यासाठी गळ्यातला नंबर दुभाष्याचे काम करतो. ज्येष्ठांसाठीची १४५६७ ही हेल्पलाइन देशभर चालते, पण तीही बोलू शकणाऱ्यालाच उपयोगी.

नंबर बाहेर, नाव आत

मुलाचे नाव मोठ्या अक्षरांत बिल्ल्यावर लिहिण्याचा मोह होतो. तो टाळावा. अनोळखी माणसाने नावाने हाक मारली की लहान मुलाला तो ओळखीचा वाटतो. नंबर दर्शनी बाजूला आणि नाव मागे किंवा नसलेलेच बरे. घरचा पत्ताही नको. नंबर असेल तर पत्त्याची गरज नाही.

विकत घेतलेल्या पेंडंटसाठी कंपनी फोटो, जन्मतारीख, आजार, शाळा असे बरेच काही भरून घेते. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण कायद्यानुसार १८ वर्षांखालील मुलांची माहिती वापरण्यासाठी पालकांची पडताळता येईल अशी संमती आवश्यक आहे. कायदा आहे, पण स्कॅन केल्यावर उघडणारे पान कोणालाही दिसते, हे पालकांनी फॉर्म भरतानाच लक्षात ठेवले पाहिजे. रेल्वे फलाटावर उभ्या अनोळखी माणसाला जेवढे सांगाल, तेवढेच त्या पानावर लिहा.

रक्तगट कशाला?

आपल्याकडच्या आयकार्डावर हमखास असणारी वैद्यकीय माहिती म्हणजे रक्तगट. आणि आणीबाणीत तिचाच उपयोग सर्वांत कमी. कुठलेही रुग्णालय कार्डावरच्या रक्तगटावर विसंबून रक्त चढवत नाही. नमुना घेऊन तपासणी आणि जुळवणी करूनच देते. त्याऐवजी त्या जागेत पेनिसिलिनची ॲलर्जी, इन्सुलिन चालू, रक्त पातळ करण्याचे औषध चालू, अपस्मार, पेसमेकर यांपैकी जे असेल ते लिहिले, तर डॉक्टरांच्या हाती पहिल्या पाच मिनिटांत काहीतरी लागते. शाळा-कॉलेजांनी पुढच्या छपाईत एवढा बदल केला तर त्याला खर्च शून्य आहे.

शिट्टी, दोरी आणि चकमक

आता 'सर्व्हायव्हल ब्रेसलेट'. पॅराशूटच्या दोरीची वीण, बकलमध्ये शिट्टी, छोटे होकायंत्र, ठिणगी पाडायची चकमक, कधी चिमुकली करवत. खऱ्या '५५०' दोरीची ताकद सुमारे २५० किलोची असते; ऑनलाइन स्वस्तात मिळणारी प्रत्येक रंगीत वीण त्या दर्जाची नसते आणि बाहेरून ते कळत नाही. कड्यावर आपले वजन तिच्यावर टाकण्याची वेळ आली तर टाकू नये. होकायंत्र बहुधा खेळण्यातले. चकमकीने भर पावसाळ्यात सह्याद्रीत शेकोटी पेटवणे हा व्हिडिओपुरता कार्यक्रम आहे.

शिट्टी मात्र कामाची. आरडाओरडा करून घसा काही मिनिटांत बसतो, शिट्टी थकलेला माणूसही वाजवू शकतो आणि तिचा आवाज धुक्यात, दरीत लांब जातो. गिर्यारोहकांचा आंतरराष्ट्रीय संकेत आहे : एका मिनिटात सहा शिट्ट्या, मग एक मिनिट थांबायचे, पुन्हा सहा. उत्तर मिनिटाला तीन शिट्ट्यांचे. दर पावसाळी शनिवार-रविवारी कर्जत-कसारा लोकलने गडांकडे जाणाऱ्यांपैकी कितीजणांना हे माहीत आहे?

आणि शिट्टी फक्त डोंगरात लागते असे नाही. इमारत कोसळते तेव्हा बचावपथक मध्ये मध्ये यंत्रे थांबवून सगळ्यांना शांत करते, ढिगाऱ्याखालून आवाज येतो का ते ऐकते. दादर-माटुंगा-परळ पट्ट्यात जुन्या उपकरप्राप्त इमारती अजून कित्येक आहेत. तिथे उशाशी टांगलेली दहा-वीस रुपयांची शिट्टी हे हजार रुपयांच्या ब्रेसलेटपेक्षा समजूतदार अवजार आहे.

धोक्याचाही विचार हवा. लोकलच्या दरवाजात कोणाच्या तरी बॅगेत अडकलेली आयकार्डची दोरी मानेला कशी ओढते, याचा अनुभव रोज प्रवास करणाऱ्याने घेतलेला असतो. गळ्यातल्या कुठल्याही दोरीला ओढ बसताच सुटणारी क्लिप असावीच. लहान मुलांना घसरगुंडी-झोपाळ्यावर गळ्यातली मजबूत दोरी जीवघेणी ठरू शकते; त्यांच्यासाठी मनगटपट्टी किंवा कपड्याच्या आत शिवलेली पट्टी चांगली.

एअरटॅग का पुरत नाही?

ॲपलने एअरटॅग २०२१ मध्ये आणला तो चाव्या आणि बॅगांसाठी. मुलांसाठी किंवा पाळीव प्राण्यांसाठी तो नाही, हे कंपनीच सांगते. त्यात जीपीएस नसते. आसपासच्या फोनना तो ब्लूटूथने खूण पाठवतो आणि त्या फोनच्या जागेवरून अंदाज येतो. दादरला हे झकास चालेल, राजमाचीच्या जंगलात नाही. त्यातली नाण्याएवढी बॅटरी मुलाने गिळली तर अन्ननलिकेला गंभीर इजा होते, तो धोका वेगळाच. जीपीएस घड्याळाला सिम आणि रोजचे चार्जिंग लागते. दोन्ही वस्तू घरच्यांना माणूस शोधायला मदत करतात. ज्याला माणूस आधीच सापडला आहे, त्या अनोळखी भल्या माणसाला त्या फारसे काही सांगत नाहीत. कोरलेला नंबर नेमके तेच काम करतो.

सिंहस्थात काय?

हा विषय आता राज्यासाठी निकडीचा आहे. नाशिक-त्र्यंबकेश्वरच्या सिंहस्थाचे ध्वजारोहण ३१ ऑक्टोबर २०२६ रोजी असून पहिले अमृतस्नान २ ऑगस्ट २०२७ ला ठरले आहे. २००३ च्या सिंहस्थात नाशिकला चेंगराचेंगरीत ३९ भाविकांचा मृत्यू झाला होता. प्रयागराजला २९ जानेवारी २०२५ च्या चेंगराचेंगरीनंतर प्रशासनाने ३० मृत्यू जाहीर केले, तेव्हा त्यातल्या २५ जणांचीच ओळख पटलेली होती.

प्रयागराजच्या महाकुंभासाठी आरएफआयडी मनगटपट्ट्यांचा गाजावाजा झाला होता. अमरनाथ यात्रेकरूंना २०२२ पासून असा टॅग सक्तीचा आहे. पण त्याची मर्यादा समजून घ्यावी. साध्या आरएफआयडी टॅगला स्वतःचे ठिकाण माहीत नसते. फाटकावरच्या यंत्राजवळून, काही मीटरच्या आतून माणूस गेला की नोंद होते. अमरनाथचा मार्ग ठरलेला, फाटके मोजकी आणि प्रत्येक यात्रेकरूची नोंदणी झालेली. तिथे ते जमते. गोदाघाटावर दहा गल्ल्यांतून येणाऱ्या आणि कुठेही नोंद न केलेल्या गर्दीला ते कसे लागू पडेल, हे आधी सांगायला हवे. महाकुंभात एका मोबाइल कंपनीने रुद्राक्ष आणि तुळशीच्या माळांत घरच्यांचा नंबर कोरून द्यायची सोय केली होती. जाहिरातीचा भाग सोडला, तरी गर्दीतल्या हरवलेल्या म्हातारीसाठी ती माळ आरएफआयडीपेक्षा जास्त बोलली असती. नाशिकची निविदा निघेल तेव्हा टॅगची किंमत किती हे सगळे विचारतील. टॅग वाचणारे यंत्र किती पोलीस चौक्यांवर असणार, आणि वीज गेल्यावर तो कशाने वाचायचा, हेही विचारून ठेवायला हवे.

तोपर्यंत घरच्या घरी एक चाचणी करता येते. घरातले कार्ड, पेंडंट, पट्टी जे काही असेल ते शेजाऱ्याच्या हातात द्या, त्याच्या फोनचा डेटा बंद करा आणि तुमचा नंबर शोधायला सांगा. मोबाइलच्या लॉक स्क्रीनवर 'इमर्जन्सी' दाबून बघायला सांगा. अँड्रॉइड आणि आयफोन दोन्हींत तिथे नातेवाइकाचा नंबर आणि आजारांची माहिती पासवर्डशिवाय दिसेल अशी सोय आहे, फक्त ती आधी भरून ठेवावी लागते. बहुतेकांच्या फोनमध्ये ती जागा रिकामी आहे.